पाठीवरची नाडी : बंद, हूक आणि माया

 

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारलं, की बुलडाणा जिल्ह्याच्या इतिहासावर बोलायचं तर सिंदखेडराजा आहे, लोणार आहे, शेगाव आहे; हे ब्लाऊजच्या पाठीवरच्या नाडीचं काय काढलंत? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्ही एका घरगुती प्रसंगापासून देतो, कारण आमच्या डोक्यात हा विषय तिथूनच शिरला.

आमच्या एका भाचीच्या भावाचं लग्न ठरलं. घाटावरचं लग्न, चिखलीजवळचं. भाचीचं स्वतःचं लग्न तीन वर्षांपूर्वी झालेलं. स्वागत समारंभासाठी तिने तेव्हा एक भारी अनारकली ड्रेस घेतला होता. एकदाच घातला आणि कपाटात ठेवला. आता भावाच्या लग्नात तोच घालू, नवा खर्च कशाला, असा विचार करून काढला, तर पाठीमागची चेन कमरेपासून चार बोटं वर गेली आणि तिथेच थांबली. पुढे सरकेना. मधल्या काळात भाचीला मूल झालं होतं आणि ते अजून अंगावर पीत होतं. शरीर बदलणारच.

भाची रडवेली झाली. लग्नाला दीड महिना होता. म्हणाली, "आजपासून रात्रीचं जेवण बंद." घरातल्या दोघीतिघींनी मानही डोलावली. तेव्हा कोपऱ्यात बसलेली आमची आजी म्हणाली, "पोरगं पाजून राह्यली ते, अन् तिले जेवू नको म्हनता? कपडा ढिला करा ना, पोरीले काहून दुबळी करता? झबल्याले बंद असतात तसे लावा मांगून."

दुसऱ्या दिवशी तो ड्रेस गावातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे गेला. त्यांनी चेन उसवून काढली, दोन्ही कडांना कापडाचे फासे लावले आणि त्यातून नाडी ओवून दिली. भाची लग्नात तोच ड्रेस घालून मिरवली. सगळ्यांनी विचारलं, "ही नवी फॅशन कुठून आणली?" आजी शेजारीच बसली होती, पण तिला कुणी विचारलं नाही.

तर मंडळी, आजचं व्याख्यान म्हणजे आजीला न विचारलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर. ही फॅशन आली कुठून? आमचं म्हणणं थोडक्यात असं. आपल्या भागात कपडा अंगाला बांधून बसवायची रीत फार जुनी आहे. हूक, बटण आणि चेन ही त्यामानाने कालची. बांधायच्या कपड्यात शरीर बदललं की कपडा नमतो. ठरीव मापाच्या कपड्यात शरीराने नमावं अशी अपेक्षा असते. या दोन रीतींमधला बदल कसा झाला, कुणाला किती भोवला आणि नाडी परत कशी आली, ते आपण क्रमाने पाहू.

सुरुवात झबल्यापासूनच करू. आपल्यापैकी प्रत्येकाचा पहिला शिवलेला कपडा कोणता? झबलं. मऊ, जुन्या लुगड्याचं किंवा धोतराचं. पुढून अखंड, पाठीमागून उघडं, आणि पाठीवर दोन-तीन बंद. बटण नाही, कारण ते बाळाला टोचतं आणि तोंडात जायची भीती असते. आणि मूल पहिल्या काही महिन्यांत झपाट्याने वाढतं, म्हणून ठरीव मापाचा उपयोग नसतो. आज बंद घट्ट बांधले, महिन्याने सैल बांधले, की तेच झबलं पुन्हा बसतं. म्हणजे पाठीमागून बांधून माप जुळवायची युक्ती आपण जन्मल्याबरोबर अंगावर घेतलेली असते. पुढे कधी ऑपरेशनची वेळ आली तर दवाखान्यात जो गाऊन देतात, तोही पाठीमागून बंद बांधायचा असतो. कारण तेच, एकच गाऊन कुणालाही झाला पाहिजे.

आता जरा मागे जाऊ. कपडा अंगावर राहावा यासाठी माणसाने मोजक्याच तऱ्हा शोधल्या. एक, नुसता गुंडाळायचा आणि खोचायचा. लुगडं, धोतर हे त्यातले. दुसरी, कापडाच्या टोकांनाच गाठ मारायची. तिसरी, वेगळे बंद किंवा नाडी लावायची. आणि चौथी, गुंडी-काज, हूक, चेन, म्हणजे ज्याची जागा शिवतानाच कायमची ठरते अशी पद्धत. पहिल्या तिन्हींत माप रोज नव्याने ठरतं. चौथीत ते एकदाच ठरतं.

पूर्वी भारतात शिवलेले कपडेच नव्हते, सगळं बाहेरून आलं, असं अजून बरेच जण सांगतात. त्यांनी आपल्या बुलडाण्याहून जवळच असलेल्या अजिंठ्याला जाऊन यावं. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी आहे. तिच्या अंगात लांब बाह्यांचा, शिवलेला कपडा स्पष्ट दिसतो. ही चित्रं पाचव्या-सहाव्या शतकातली. तेव्हा सुई-दोरा आणि बाही बेतण्याचं ज्ञान आपल्या डोंगररांगांत दीड हजार वर्षांपूर्वी होतं. गो. स. घुर्ये यांनी 1951 साली भारतीय पेहरावावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात अशा चित्रांचा आणि शिल्पांचा पुरावा म्हणून भरपूर वापर केला आहे. कपड्यांचा इतिहास हा फावल्या वेळचा विषय नाही, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं.

आता आपल्या चोळीकडे येऊ. वऱ्हाडात जुन्या बाया 'चोयी' म्हणतात. खणाची चोळी म्हणजे काय? एका ठरावीक लांबी-रुंदीच्या, काठ असलेल्या कापडाच्या तुकड्यातून, म्हणजे खणातून, ती बेततात. बाह्या, पाठ, पुढचे दोन भाग, काखेत हात वर व्हावा म्हणून लावलेला लहानसा तुकडा. पुढचे दोन्ही भाग खाली टोकाशी मोकळे सोडतात आणि त्या टोकांची छातीखाली गाठ मारतात. सगळं माप त्या गाठीत असतं. सकाळी शेतात निंदायला जायचं तर घट्ट गाठ. रात्री सैल. दिवस गेले तर सैल. मूल पाजायचं तर गाठ सोडली की झालं. बाळंतपणानंतर अंग भरलं, म्हातारपणी उतरलं, तरी चोळी तीच. नव्या नवरीची चोळी पुढे तिच्या सुनेलाही होऊ शकत होती, कारण ती एकीच्याच मापाची नव्हतीच.

ओटी भरताना आपण खण का देतो, याचाही इथे विचार करा. शिवलेला ब्लाऊज ओटीत देता येत नाही, तो कुणाच्या तरी मापाचा असतो. खण कुणालाही देता येतो. आणि 'चोळी-बांगडी' हा शब्द जुन्या काळात थेट हक्काचा होता. बाईच्या खर्चासाठी म्हणून जमिनीचं किंवा गावाचं उत्पन्न तोडून देत, ते चोळी-बांगडीसाठी दिलं असं म्हणत. म्हणजे चोळी हे बाईच्या हिश्श्याचं दुसरं नावच होतं.

पण आम्ही जुन्या काळाचं गोडवं गायला उभे राहिलेलो नाही. हीच चोळी हिरावूनही घेतली जात होती. काही समाजांत नवरा वारला की बाईने चोळी घालायची नाही, असा दंडक होता. कुंकू, बांगडी आणि चोळी तिन्ही एका दिवसात जात. कपडा कितीही सोयीचा असला तरी तो घालायचा की नाही हे जर बाईच्या हातात नसेल, तर गाठ कुठे आहे याला फारसा अर्थ उरत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

पुढून गाठ मारायची चोळी झाली. मग पाठीवरची नाडी? तीही आपल्याच जिल्ह्यात आहे आणि भर बाजारात दिसते. लोणार, मेहकर, सिंदखेडराजा या घाटावरच्या भागात बंजारा समाजाचे तांडे आहेत. बंजारा बाईचा पारंपरिक पोशाख म्हणजे घेरदार फेटिया, डोक्यावर ओढणी आणि अंगात कांचळी. कांचळीचा पुढचा भाग आरसे, कवड्या आणि दाट टाक्यांनी भरलेला असतो. पाठ मात्र उघडी, आणि पाठीवर बंद. आज शहरातल्या दुकानात 'बॅकलेस डोरी' म्हणून जो प्रकार मोठ्या किमतीला विकतात, तो आमच्या तांड्यातल्या आज्या पिढ्यान् पिढ्या घालत आल्या आहेत. (हशा)

कांचळी अशी का? त्याचा बंजाऱ्यांच्या फिरत्या जीवनाशी संबंध लावून पाहा. हा समाज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून लांबलांबचे रस्ते तुडवणारा. कोकणपट्टीतलं मीठ वऱ्हाडात आणि इकडचं धान्य तिकडे, असा त्यांचा व्यापार. अशा माणसाला कपडा टिकाऊ हवा, वाटेत दुरुस्त करता यावा आणि उन्हात पाठीला वारा लागावा. पुढच्या भागाच्या भरतकामात कित्येक महिने गेलेले असतात. शरीर बदललं म्हणून तेवढं काम टाकून द्यायचं का? नाही. मौल्यवान भाग पुढे, आणि माप जुळवायचं काम पाठीवरच्या साध्या बंदांकडे. बंद तुटला तर नवा लावला. भाचीच्या ड्रेसमध्ये शिवणाऱ्या ताईंनी नेमकं हेच केलं, पुढची जरी तशीच ठेवली आणि मापाचं काम पाठीवर ढकललं.

आणि बायकांचंच कशाला? पुरुषही बांधूनच कपडे घालत होते. अंगरख्याला बंद. बाराबंदीचं तर नावच बंदांवरून पडलं. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत मानकरी आणि भक्त आजही पांढरी बाराबंदी घालून निघतात, ती जरूर पाहा. पोट सुटलं म्हणून बाराबंदी टाकून द्यावी लागली, असं त्या काळी फारसं होत नसणार.

मग हे बदललं केव्हा? आपल्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर या बदलाची वाट घाटाखालून आली. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकदम सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे पुढे गेली आणि 1867 साली नागपूरला पोहोचली. खामगावचा कापूस बाजार एवढा मोठा की त्याच्यासाठी जलंबहून खास फाटा काढला. 1870 साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी त्याचं उद्घाटन केलं. घाटावरची मंडळी रेल्वेची वाट अजून पाहत आहेत, तो विषय आज नको. (हशा)

रेल्वेने कापूस बाहेर गेला आणि गिरणीचं कापड आत आलं. बंजाऱ्यांच्या बैलांचा धंदा बसला. आणि गिरणीच्या कापडाबरोबर आणखी दोन वस्तू हळूहळू बाजारपेठेच्या गावांत आल्या. एक शिवणयंत्र आणि दुसरी इंचाची टेप. अमेरिकेत एलियास हाऊने 1846 मध्ये आणि आयझॅक सिंगरने 1851 मध्ये यंत्राचे पेटंट घेतले. सिंगरची यंत्रं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात येऊ लागली. 1930 च्या दशकात कलकत्त्याला उषा कंपनीची देशी यंत्रं बनू लागली आणि मग पुढच्या काही दशकांत तालुक्याच्या गावातल्या ओट्यांवर मशीनचा आवाज सुरू झाला.

यंत्राने टीप सरळ आणि झटपट पडू लागली. टेपमुळे शरीराचे आकडे झाले, छाती इतकी, कंबर इतकी, मुंढा इतका. चोळीच्या जागी पोलकं आलं, मग जंपर, मग ब्लाऊज. गाठ गेली आणि हूक आले. आता हा बदल नुसता वाईट होता असं म्हणणं खोटेपणाचं ठरेल. ब्लाऊज अंगाला नीट बसतो, कामात सुटत नाही, शाळेत-नोकरीत वावरताना आत्मविश्वास देतो. शिवणयंत्राने किती विधवांचे, परित्यक्तांचे संसार उभे केले, ते आपण आपल्या गल्लीत पाहिलेलं आहे. पण एक गोष्ट गुपचूप घडली. माप ठरवायचं काम रोज कपडा घालणाऱ्या बाईच्या बोटांकडे होतं, ते एका दिवशी शिंप्याच्या वहीकडे गेलं.

त्यातही आपल्याकडची एक खास अडचण होती. शिंपी बहुधा पुरुष. त्याच्यापुढे उभं राहून माप द्यायचं कसं? म्हणून 'मापाचा ब्लाऊज' पाठवायची पद्धत पडली. ती आजही आहे. जुना, बरा बसणारा एखादा ब्लाऊज पिशवीत घालून पाठवायचा. म्हणजे नवा ब्लाऊज शिवला जातो तो बाईच्या आजच्या अंगावर नाही, तर तिच्या चार वर्षांपूर्वीच्या अंगावर. आणि मग तो घट्ट झाला की शिंपी म्हणतो, "मापाप्रमाणेच शिवलाय." त्याचंही बरोबर. मग चूक कुणाची? बाईच्या अंगाची!

इथे आमच्या भाषेतला एक सुंदर शब्द सांगायचा मोह आवरत नाही. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढे कपडा सैल करता यावा म्हणून, त्याला शिवणकामात काय म्हणतात? माया. "बाजूला दीड इंच माया ठेवा हो," असं आपल्या आया शिंप्याला आवर्जून सांगत. गाठीची चोळी गेली तरी तिच्यातला समजूतदारपणा बायकांनी या मायेत जपून ठेवला. मूल होईल, अंग भरेल, तेव्हा एक टीप उसवली की झालं. दुकानातल्या तयार कपड्यांत ही माया बहुधा नसते, किंवा असते ती जेमतेम पाव-अर्धा इंच. कापड वाचवायचं असतं. भाचीच्या ड्रेसमध्ये पाठीची चेन आधी अडली, पण खरी अडचण ही होती की बाजूच्या शिवणी उसवून पाहिल्या तर आत मायाच नव्हती.

आता मघाच्या मुद्द्याकडे परत येऊ, म्हणजे कपड्याबद्दलचा निर्णय कुणाचा. याबद्दल बोलताना आपल्या बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं नाव घेतलंच पाहिजे. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे इथे सरकारी कचेरीत होते. 1882 साली ताराबाईंचं 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक पुण्यात छापलं गेलं. त्याला निमित्त होतं सुरतेच्या एका विधवेला झालेल्या शिक्षेचं. त्या पुस्तकात एक मुद्दा असा येतो, की नवा इंग्रजी पेहराव आणि चालीरीती पुरुष खुशाल उचलतात, तेव्हा धर्म बुडत नाही. धर्म सांभाळायचा तो मात्र बायकांनी. हा दुटप्पीपणा ताराबाईंनी अगदी खणखणीत शब्दांत मांडला. जोतीराव फुले यांनी त्यांची बाजू घेतली.

योगायोग पाहा. त्याच्या आदल्याच वर्षी, 1881 मध्ये, लंडनमध्ये काही बायकांनी एकत्र येऊन 'रॅशनल ड्रेस सोसायटी' काढली. त्यांची तक्रार कशाबद्दल? कॉर्सेटबद्दल, म्हणजे पाठीवर नाडी असलेल्या त्या कडक चोळीवजा कपड्याबद्दल. अंतर्वस्त्रांचं एकूण वजन सात पौंडांच्या वर नसावं, अशीही त्यांची मागणी होती. त्यावरून त्या बायका काय ओझं वाहत होत्या याचा अंदाज करा.

इथे तुम्ही म्हणाल, मघापासून तुम्ही नाडीचं कौतुक करताय आणि तिकडे तर नाडीनेच बायकांचा श्वास कोंडला. बरोबर. म्हणूनच हा भाग महत्त्वाचा आहे. युरोपातही मुळात नाडी होती ती कपडा अंगाप्रमाणे कमी-जास्त करण्यासाठीच. पण 1820 च्या दशकात नाडी ओवायच्या छिद्रांना धातूच्या कड्या बसवायची युक्ती निघाली. आधी छिद्राला नुसते टाके असत, फार ओढलं तर कापड फाटायचं, म्हणजे कपडाच सांगायचा की आता पुरे. धातूची कडी आल्यावर कपडा फाटेनासा झाला आणि ओढायला मर्यादा राहिली नाही. तीच नाडी, तेच फासे, तीच पाठ. एकीकडे ती कपड्याला शरीरापुढे नमवते, दुसरीकडे शरीराला कपड्यापुढे.

पुढचा टप्पा चेनचा. गिडियन सुंडबॅक या अभियंत्याने 1913 च्या सुमारास आजच्यासारखी चेन तयार केली आणि 1917 मध्ये तिचं पेटंट मिळालं. चेन ही सगळ्यांत हट्टी. हुकाची दुसरी रांग लावता येते, चेनला अर्धा इंचही इकडेतिकडे चालत नाही. आणि नेमकी हीच चेन आज तयार ड्रेसच्या पाठीवर असते.

पाठीवरच्या बंदांना नवी प्रतिष्ठा मिळवून दिली ती सिनेमाने. कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी 1966 च्या 'आम्रपाली'चे कपडे केले. प्राचीन चित्र-शिल्पांचा अभ्यास करून त्यांनी वैजयंतीमालासाठी जी कंचुकी बनवली, तिची देशभर नक्कल झाली. पुढे 1983 मध्ये 'गांधी'साठी ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. म्हणजे लेण्यांतली आणि तांड्यांतली गोष्ट पडद्यावर गेली, पडद्यावरून शहरात आली आणि शहरातून ड्रेसच्या पिशवीत घालून परत घाटावर चिखलीला पोहोचली.

आता सभागृहात बऱ्याच शिवणकाम करणाऱ्या भगिनी बसल्या आहेत, त्यांच्यासाठी आणि घरी करून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी ते काम प्रत्यक्ष कसं झालं तेही सांगतो. ताईंनी आम्हाला शेजारी बसवून दाखवलं.

आधी चेन उसवायची, कात्रीने ओढून नाही, एकेक टाका काढून. मग ड्रेस घालून पाठीवर किती फट राहते ते मोजायचं, उभं राहून आणि बसूनही. दोन-चार इंचांची फट असेल तर नाडीने काम सुंदर होतं. त्याहून फार जास्त असेल तर थांबायचं, कारण मग बाजूच्या शिवणी पाठीकडे सरकतात, मुंढा काचतो आणि खांदा उतरतो. तिथे बाजूलाच वेगळ्या कापडाची पट्टी घालणं बरं.

फट ठीक असेल तर दोन्ही कडांना आतून कॅनव्हासची बारीक पट्टी लावायची. हे विसरलं की कड लाटेसारखी ओढली जाते. मग उरेब कापडाची पट्टी, म्हणजे कर्णरेषेत कापलेली, शिवून तिची बारीक नळी करायची. उरेब अशासाठी की ती वळते आणि ताण सोसते. तिचे समान लांबीचे फासे करायचे, साधारण एकेक इंचावर, आणि दोन्ही बाजूंचे फासे समोरासमोर येतील असे लावायचे. फाशांची टोकं ड्रेस आणि आतली पट्टी यांच्यामध्ये धरून दोनदा टीप मारायची. सगळा भार तिथेच येतो.

फटीतून पाठ दिसू नये असं वाटत असेल तर आतून ड्रेसच्या रंगाचा एक लांबट तुकडा लावायचा, पण एकाच बाजूला शिवायचा. दोन्ही बाजूंना शिवला तर सैल-घट्ट करण्याची सोयच गेली. शेवटी नाडी वरून ओवत, एकमेकींना छेद देत कमरेपर्यंत आणायची आणि तिथे गाठ मारायची. नाडी लांब ठेवायची, तीन-चार मीटर लागते, कारण ड्रेस घालताना ती पुरती सैल करावी लागते.

हूक जिथे असतो तिथेच सगळी ओढ घेतो, म्हणून तिथेच कापड उसवतं. नाडी फाशांतून सरकते, त्यामुळे ओढ वरपासून खालपर्यंत बऱ्यापैकी वाटली जाते. श्वास घेतला, खाली बसलं, मूल उचललं, की नाडी त्या-त्या ठिकाणी थोडी जागा देते. भाची मांडवात पंगतीला बसली आणि पोटभर जेवली. चेनच्या ड्रेसमध्ये ते जमलं नसतं.

मंडळी, यात पणाला काय लागलेलं होतं, ते सांगून थांबतो. ड्रेसची किंमत होतीच. कापसाला भाव नाही अशा वर्षी घरात लग्न काढणाऱ्याला त्या रकमेचं मोल विचारा. पण त्याहून मोठी गोष्ट ही की एक बाळंतीण, अंगावर पाजणारी आई, एका चेनपायी जेवण सोडायला निघाली होती. तिला तसं करायला कुणी बळजबरी केली नव्हती. चेन वर गेली नाही, एवढंच झालं होतं. आणि दोष आपल्या अंगाचा आहे हे तिने आपणहून धरलं. ही समजूत नैसर्गिक नाही, तिला इतिहास आहे. आमच्या आजीच्या मनात ती नव्हती, कारण आजी चोळीची गाठ रोज आपल्या हाताने मारत आली. कपडा होत नसेल तर कपड्याचं काहीतरी करायचं असतं, हेच तिला माहीत.

म्हणून आमची विनंती साधी आहे. घरी गेल्यावर कपाटात जे 'आता होत नाहीत' असे कपडे बाजूला ठेवले असतील, ते एकदा बाहेर काढा. आत माया आहे का बघा. असेल तर एक टीप उसवा. नसेल तर पाठीवर नाडी लावता येते का ते आपल्या गावातल्या ताईंना विचारा. आणि ज्या शिवतात त्यांनी नवा कपडा बेतताना दोन्ही बाजूंना इंचभर माया जरूर ठेवावी, गिऱ्हाईकाने सांगितलं नाही तरी.

भाचीचा तो ड्रेस पुढच्या महिन्यात तिच्या नणंदेच्या साखरपुड्याला चाललाय. नणंद तिच्यापेक्षा चांगली दोन इंचांनी बारीक आहे. नाडी तेवढी जास्त ओढायची. आजीला सांगितलं तर म्हणाली, "झबलं असंच फिरते सगळ्या घरात."

 आता प्रश्न असतील तर जरूर विचारा. मागच्या रांगेतल्या काकू मघापासून हात वर करून आहेत, त्यांना आधी बोलू द्या.